सुटलेल्या झेलानंतरचा चेंडू

बाळा, अनेक आशीर्वाद.

रविवारपासून तू नेटला फिरकला नाहीस. आई सांगत होती, जेवतानाही मान खाली घालून बसतोस. फायनलमध्ये तुझ्या हातून झेल सुटला आणि सामना गेला. त्यावर मी पांघरूण घालणार नाही. पण एका माणसाची हकिगत सांगतो, ती नीट वाच.

फ्रेड स्नॉडग्रास, जन्म १८८७, गाव कॅलिफोर्नियातलं व्हेंचुरा. बेसबॉलच्या न्यूयॉर्क जायंट्स संघात आला तो कॅचर म्हणजे आपल्या यष्टिरक्षकासारखा, पण मॅनेजर जॉन मॅग्रॉनं त्याला सेंटरफिल्डला, म्हणजे मैदानाच्या मधल्या मागच्या भागात, नेलं. १९१० साली त्याची फलंदाजीची सरासरी .३२१ होती. बेसबॉलमध्ये .३०० गाठली तरी लोक मान डोलावतात.

१६ ऑक्टोबर १९१२. बोस्टनचं फेनवे पार्क, वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अमेरिकन बेसबॉलच्या अंतिम मालिकेचा, निर्णायक सामना, दहावी इनिंग. जायंट्स २-१ नं पुढे. बोस्टनच्या क्लाइड एंगलनं एक सोपा उंच फटका मारला. स्नॉडग्रास चेंडूखाली वेळेत पोचला होता. चेंडू ग्लोव्हला लागला आणि खाली पडला. एंगल थेट दुसऱ्या बेसवर, म्हणजे धावेच्या अर्ध्या वाटेवर.

आता पुढचं वाच. त्याच्याच पुढच्या फलंदाजानं, हॅरी हूपरनं, चेंडू खूप खोल हाणला आणि तो पुन्हा स्नॉडग्रासकडेच आला. पहिल्या झेलापेक्षा कितीतरी अवघड. तो जिवाच्या आकांतानं धावला आणि त्यानं तो पकडला! मिनिटभरापूर्वी हजारो लोकांसमोर ज्याचे हात फसले, त्यानं तेच हात पुन्हा पुढे केले. बाळा, मला त्या दिवसातला हाच क्षण सगळ्यात मोठा वाटतो.

सामना मात्र गेला. बोस्टनच्या ट्रिस स्पीकरचा एक साधा फाउल, म्हणजे रेषेबाहेर गेलेला उंच फटका, तिघांच्या मधोमध पडला, कुणीच पकडला नाही. जीवदान मिळालेल्या स्पीकरनं लगेच हिट मारून बरोबरी साधली आणि मग लॅरी गार्डनरच्या फटक्यावर बोस्टन ३-२ नं जिंकलं. म्हणजे चूक एकट्याची नव्हती. पण वर्तमानपत्रांना एकच नाव पुरलं: ‘तीस हजार डॉलरचा सुटलेला झेल’. दोन्ही संघांच्या बक्षिसाच्या वाट्यात साधारण तेवढाच फरक होता.

मॅग्रॉ अतिशय कडक, तोंडाचा फटकळ. त्यानं मात्र स्नॉडग्रासला बोल लावला नाही, उलट पगार वाढवला. पुढच्या वर्षी जायंट्सनी पुन्हा लीग जिंकली, तेव्हाही तो संघात होता. १९१६ पर्यंत तो खेळला. मग गावाकडे परतून बँकेत काम केलं, ऑक्सनार्डचा महापौर झाला, लिंबाची बाग लावली. १९७४ साली, ८६व्या वर्षी गेला, तेव्हा ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या मथळ्यात पुन्हा १९१२ चा सुटलेला झेलच होता. साठ वर्षांचा सगळा संसार, कारभार एका ओळीत झाकून टाकला. मला याचा आजही राग येतो.

रविवारी झेल सुटल्यावर पुढच्याच षटकात तू सीमारेषेवर पाय मागे घेतलास. माझ्या मनाला लागलं ते एवढंच.

मंगळवारी सकाळी सहाला मैदानावर ये. सूर्य समोर ठेवून उंच झेल देतो, पन्नास. सुटले तर सुटले, पुढच्या चेंडूसाठी हात वर हवेत.

तुझे सर