शेतीयंत्रे : वाचकांचे प्रश्न – काळा धूर, ईजीआर आणि वॉरंटी

प्रश्न : मी डिचोली तालुक्यात राहतो. दीड वर्षापूर्वी सावंतवाडीच्या एका विक्रेत्याकडून २७ अश्वशक्तीचा, तीन सिलिंडरचा लहान ट्रॅक्टर घेतला. कुळागरातील (सुपारी-नारळाच्या बागेतील) कामे, वायंगणाची (उन्हाळी भातशेतीची) चिखलणी आणि सवड मिळेल तेव्हा शेजाऱ्यांची नांगरणी भाड्याने करून देणे, असा त्याचा वापर आहे. गेल्या पावसाळ्यापासून भार पडला की काळा धूर येतो आणि ओढ कमी होते. ईजीआर व्हॉल्व्ह (जळालेला वायू इंजिनात परत सोडणारी झडप) अडकला असून इंजेक्टरचे नोझल खराब झाल्याचे विक्रेत्याच्या मेकॅनिकने सांगितले. मात्र ‘धुराशी संबंधित भाग वॉरंटीत येत नाहीत, शिवाय तुम्ही एक सर्व्हिस बाहेर केली आहे’ असे म्हणून सगळा खर्च त्यांनी माझ्यावर टाकला. हे बरोबर आहे का?

उत्तर : ‘धुराशी संबंधित भाग’ असा गट वगळल्याचे विक्रेत्याने तोंडी सांगणे पुरेसे नाही, तो तुमच्या वॉरंटी पुस्तिकेत छापलेला असला पाहिजे. तेव्हा प्रथम ती पुस्तिका काढून वगळलेल्या भागांची यादी शब्दशः वाचा. अशा यादीत साधारणपणे फिल्टर, पट्टे, क्लचची प्लेट, ऑइल अशा झिजणाऱ्या किंवा संपणाऱ्या वस्तू असतात. ईजीआर व्हॉल्व्ह त्यांपैकी नाही, आणि त्याचे नाव यादीत नसेल तर तो इंजिनाचाच भाग मानावा लागेल. इंजेक्टर व डिझेल पंपाचे थोडे वेगळे आहे. टायर आणि बॅटरीप्रमाणे हे भागही दुसऱ्या कारखान्याचे असल्याने त्यांची वॉरंटी मूळ उत्पादक देईल, असे बऱ्याच ट्रॅक्टर कंपन्या लिहून ठेवतात. याचा अर्थ वॉरंटी नाही असा होत नाही. दावा दुसऱ्या दारी जातो इतकेच, आणि तो पुढे कसा पाठवायचा हे सांगण्याचे काम ट्रॅक्टर विकणाऱ्याचेच आहे.

मात्र भाग वॉरंटीत बसला म्हणून दावा मंजूर होईलच असे नाही, कारण खरा वाद भाग कोणत्या कारणाने बिघडला यावर होतो. ईजीआरमध्ये जळून गेलेल्या वायूचा काही हिस्सा पुन्हा सिलिंडरमध्ये सोडतात. त्यामुळे ज्वलनाचे तापमान उतरते आणि नायट्रोजनची ऑक्साइडे कमी तयार होतात. हा व्हॉल्व्ह उघडा अडकला, तर भाराच्या वेळी ताजी हवा कमी पडते, डिझेल पुरते जळत नाही आणि काळा धूर येतो. नोझलमधून डिझेल बारीक फवाऱ्याऐवजी थेंबाथेंबाने पडू लागले तरी हेच घडते, आणि एअर क्लीनर तुंबला तरीही हेच. म्हणजे लक्षण एकच आणि कारणे किमान तीन. व्हॉल्व्हची स्प्रिंग किंवा दांडी मुळातच सदोष असेल, तर जबाबदारी कंपनीची. तुंबलेल्या एअर क्लीनरमुळे काजळी धरली असेल किंवा टाकीत पाणी शिरून नोझल गंजले असेल, तर विक्रेत्याचा नकार टिकू शकतो.

आपल्याकडे ही दोन्ही कारणे दुर्मीळ नाहीत. खाणपट्ट्यातील तांबडी धूळ किती बारीक असते हे डिचोलीकरांना सांगायला नको. एअर क्लीनर ऑइलबाथ प्रकारचा, म्हणजे धूळ तेलात अडकवणारा, असेल, तर त्यातील तेल या धुळीने पुस्तिकेतील मुदतीच्या कितीतरी आधीच चिखलासारखे होते. पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी रात्रभर उभी राहिली की आतल्या दमट हवेचे पाणी होऊन तळाशी साचते. कॅनमधून डिझेल भरणाऱ्यांच्या टाकीत ते आणखी वाढते. म्हणून दाव्याचा कागद करण्यापूर्वी डिझेल फिल्टरखालच्या वाटीत पाणी दिसते का, हे स्वतः पाहून ठेवा. उत्तर आपल्या विरोधात जाणारे असले तरी ते आधी कळलेले बरे.

बाहेर केलेल्या सर्व्हिसबद्दल माझे मत असे. ठरावीक तासांच्या सर्व्हिस अधिकृत ठिकाणीच करण्याची अट पुस्तिकेत असेल, तर तुम्ही ती मोडली आहे हे मान्य करावे लागेल. मात्र त्या सर्व्हिसचा आणि या बिघाडाचा संबंध काय, हा प्रश्न विचारण्याचा हक्क त्यामुळे जात नाही. योग्य प्रतीचे ऑइल घातल्याचे आणि फिल्टर बदलल्याचे बिल तुमच्याकडे असेल, तर सदोष व्हॉल्व्हचा खर्च केवळ त्या सर्व्हिसकडे बोट दाखवून तुमच्यावर टाकणे मला पटत नाही. बिल नसेल तर मात्र तुमची बाजू बरीच लंगडी पडते.

आता करायचे काम. विक्रेत्याला आणि कंपनीला लेखी तक्रार द्या. तीत चासी क्रमांक, इंजिन क्रमांक, तासमीटरवरचा आकडा आणि धूर प्रथम कधी दिसला ते लिहा. वॉरंटीची मुदत महिने व तास यांपैकी जे आधी संपेल त्यावर ठरते, म्हणून तक्रारीवरील तारीख आणि तासांचा आकडा या दोन्हींना सारखेच महत्त्व आहे. कोणता भाग, कोणती चाचणी आणि कोणते कारण, असा तीन ओळींचा लेखी नकार मागून घ्या. नोझलची दाबचाचणी केलीच नसेल, तर ‘नोझल खराब’ हा निव्वळ अंदाज ठरतो. काढलेले जुने भाग ताब्यात घ्या आणि जॉब कार्डाची प्रत मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका. पैसे द्यावेच लागले, तर हरकत राखून देत असल्याचे बिलावर लिहा.

एवढे करूनही दाद मिळाली नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. खरेदी महाराष्ट्रात झाली असली तरी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथेही तक्रार करता येते. त्यामुळे उत्तर गोवा जिल्हा आयोग तुम्हाला खुला आहे. वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल झाली पाहिजे. वस्तूतील दोष तपासणीशिवाय ठरत नसेल, तर कलम ३८ खाली आयोग ती प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. जुने भाग सांभाळून ठेवायला सांगितले ते त्याचसाठी. भाड्याच्या नांगरणीवरून ‘हा व्यापारी वापर आहे, तुम्ही ग्राहकच नाही’ अशी हरकत बहुधा घेतली जाईल. मात्र केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका चालवण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूत मोडत नाही, असे कायद्यातील स्पष्टीकरणच सांगते, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या निकालात याच अपवादाचा अर्थ उलगडला आहे. तुम्ही स्वतः ट्रॅक्टर चालवता हे तक्रारीत ठळकपणे लिहा.

प्रश्न : आमची मुलगी आणि जावई अमेरिकेत राहतात. त्यांनी ३३ अश्वशक्तीचा एक लहान ट्रॅक्टर वापरलेला घेतला आहे. तो चार वर्षांपूर्वीचा असून १,१०० तास चालला आहे. त्याच्या धुराड्यातील फिल्टरचा दिवा सारखा लागतो. कंपनीची दोन वर्षांची वॉरंटी संपल्याचे तिथला विक्रेता सांगतो. काही मार्ग आहे का? – एक वाचक, फोंडा

उत्तर : आहे, आणि तो विक्रेत्याच्या मर्जीवर अवलंबून नाही. तिथे ट्रॅक्टरच्या साधारण वॉरंटीखेरीज प्रदूषण नियंत्रणाच्या भागांची वेगळी वॉरंटी देण्याचे बंधन पर्यावरण संरक्षण संस्थेच्या, म्हणजे ईपीएच्या, नियमांनी इंजिन उत्पादकावर घातले आहे. १९ किलोवॉटपेक्षा कमी शक्तीच्या डिझेल इंजिनांना ही मुदत २ वर्षे किंवा १,५०० तास असते. त्यावरील ट्रॅक्टरच्या इंजिनांना ५ वर्षे किंवा ३,००० तास, यांपैकी जे आधी संपेल ते. ३३ अश्वशक्ती म्हणजे सुमारे साडेचोवीस किलोवॉट, तेव्हा तुमच्या जावयांचा ट्रॅक्टर दुसऱ्या गटात आणि अजून मुदतीत आहे. ही वॉरंटी पुढच्या प्रत्येक खरेदीदाराकडे जाते, त्यामुळे वापरलेला घेतला म्हणून ती बुडत नाही. (त्या देशात २५ अश्वशक्तीच्या किंचित आत बसवलेले लहान ट्रॅक्टर इतके का दिसतात, त्याचे एक मोठे कारण म्हणजे ही १९ किलोवॉटची रेषा. तिच्या खाली काजळीचा फिल्टर न बसवता नियम पाळता येतात.)

मात्र दिवा लागला म्हणजे फिल्टर बिघडलाच असे समजू नये. फिल्टरमध्ये साठलेली काजळी ठरावीक वेळाने सुमारे ६०० अंश सेल्सिअसला जाळून टाकावी लागते आणि त्यासाठी इंजिन काही काळ चढ्या फेऱ्यांवर चालावे लागते. अंगणातील किरकोळ कामे करून लगेच बंद होणाऱ्या ट्रॅक्टरमध्ये हे जाळणे अर्धवटच राहते आणि दिवा पुन्हा लागतो. तो वापराचा दोष झाला, वॉरंटीचा विषय नव्हे. सेन्सर, नियंत्रक (इंजिनाचा संगणक) किंवा फिल्टरच सदोष निघाला, तर दावा करता येतो. चुकीचा वापर किंवा देखभालीतील हयगय यांमुळेच बिघाड झाला असेल, तर उत्पादक नकार देऊ शकतो. पण बिघाडाशी संबंध नसलेल्या कृतीचे निमित्त त्याला पुढे करता येत नाही. मालकाच्या पुस्तिकेत ‘एमिशन वॉरंटी’ या शीर्षकाखाली हा मजकूर असतो. त्या पानावर बोट ठेवून लेखी मागणी करायला सांगा. आपल्याकडच्या पुस्तिकांतही असे स्वतंत्र पान असते, तर डिचोलीच्या वाचकांचा निम्मा त्रास वाचला असता.

प्रश्न : माझा ट्रॅक्टर ५५ अश्वशक्तीचा आहे. काजळीचा फिल्टर काढून सरळ नळी बसवून देतो, पुन्हा कटकट राहणार नाही, असे एक मेकॅनिक म्हणतो. करावे का? – एक वाचक, पेडणे

उत्तर : करू नये. ५० अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरना १ जानेवारी २०२३ पासून ट्रेम टप्पा ४ चे, म्हणजे ट्रॅक्टरच्या धुराबाबतचे सरकारी निकष लागू आहेत आणि तुमच्या ट्रॅक्टरला मिळालेली मंजुरी त्या फिल्टरसकट आहे. तो काढणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे बेकायदा फेरबदल ठरतो. कलम १८२अ नुसार मालकाला अशा प्रत्येक फेरबदलासाठी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय फिल्टर काढल्यावर नियंत्रकाची आज्ञावलीही बदलावी लागते, आणि त्यानंतर इंजिनातील कोणताही बिघाड त्या बदलाच्या माथी मारणे कंपनीला सोपे जाते. त्यापेक्षा अधिकृत केंद्रात फिल्टरची सक्तीची जाळणी करून घ्या आणि इंजिनात कमी राखेचे ऑइलच आहे ना, हे पाहा. चुकीच्या ऑइलची राख फिल्टरमध्ये साठत जाते आणि ती काजळीसारखी जळून जात नाही. मग फिल्टर उतरवून साफ करण्यावाचून इलाज उरत नाही, आणि त्याचे पैसे वॉरंटीतून मिळत नाहीत.