इंग्लंडच्या खेड्यातला एखादा पब पिढ्यानपिढ्या एकाच घराण्याकडे राहिलाय का?

हो, बर्कशरमधल्या ऑल्डवर्थ गावचा 'द बेल इन' बघा. अडीचशेहून जास्त वर्षं एकच कुटुंब तो चालवतंय. ही गोष्ट किती दुर्मीळ आहे ते कळायला आधी एक गंमत सांगतो. तिकडे पबचालकाला 'लँडलॉर्ड' म्हणतात, पण तो बऱ्याचदा स्वतःच भाडेकरू असतो! इमारत बिअर कंपनीची, आणि करारानुसार बिअरही बहुधा तिचीच विकायची. असे चालक येतात नि जातात. 'बेल'ची जागा मात्र घरचीच, त्यामुळे कंपनीचं दडपण नाही आणि दर दहा वर्षांनी नूतनीकरणाची हौसही नाही. आत नेहमीसारखा लांबलचक बार काउंटर नाही. काचेची एक छोटी खिडकी आहे, तिच्यातूनच ग्लास बाहेर येतो. खायला साधे भरलेले पाव. एवढ्यावर 'कॅम्रा' या बिअरप्रेमींच्या संघटनेचा देशातल्या सर्वोत्कृष्ट पबचा मान त्याला दोनदा मिळाला, १९९० आणि २०१९चा.

परवान्याची भानगड मात्र या घराण्याहूनही जुनी. १५५२च्या कायद्यापासून मद्यगृह चालवायला स्थानिक न्यायाधीशांची परवानगी लागू लागली.