दर रविवारी फिश टँक धुऊनही मासे का मरतात?

आपण विचारले आहे की, दोन फुटी टाकीत वास्तूसाठी म्हणून आठ सोनेरी आणि एक काळा असे नऊ गोल्डफिश आणले, दर रविवारी टाकी पूर्ण रिकामी करून काच, खडी आणि फिल्टर घासून स्वच्छ केले जातात, तरीही तिसऱ्या दिवशी पाणी दुधाळ होते आणि महिन्याला एखाददुसरा मासा दगावतो. तर टाकी आठवड्यातून दोनदा धुवावी का? माझे उत्तर असे की, एकदाही धुऊ नये. आपले मासे बहुधा घाणीने मरत नसून या रविवारच्या धुण्यानेच मरत आहेत. हे मी ठामपणे लिहिते, कारण पुण्यात पहिली टाकी घेतली तेव्हा मीही दीड वर्ष नेमके हेच केले होते.

मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतो, आणि त्याची विष्ठा व उरलेले खाद्य कुजूनही अमोनियाच तयार होतो. हा अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. आरशासारख्या स्वच्छ पाण्यातही तो मासा मारण्याइतका असू शकतो. त्याचा बंदोबस्त करतात ते जिवाणू. त्यांचा एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा गट त्या नायट्राइटचे नायट्रेट करतो. पहिले दोन्ही पदार्थ विषारी आहेत, तर नायट्रेट बऱ्याच प्रमाणापर्यंत माशांना सोसते आणि थोडे थोडे पाणी बदलून ते कमी करता येते. हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत, ते फिल्टरच्या स्पंजला, खडीला आणि काचेला चिकटून राहतात. नव्या टाकीत त्यांची वस्ती पुरेशी जमायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. आपण दर सातव्या दिवशी ती वस्ती नळाखाली धुऊन टाकता, म्हणजे आपली टाकी कितीही जुनी असली तरी माशांच्या दृष्टीने ती कायम पहिल्या आठवड्यातच असते. तिसऱ्या दिवशी येणारा दुधाळपणाही याच गोष्टीची खूण आहे. घडी मोडलेल्या पाण्यात दुसऱ्याच प्रकारचे जिवाणू एकदम वाढतात आणि पाणी ढवळल्यासारखे दिसते.

मला हे पटले ते अमोनिया तपासायचे किट आणल्यावर. परीक्षानळीत टाकीचे पाणी घेऊन थेंब घातले की अमोनिया नसेल तर रंग पिवळा राहतो, असेल तर हिरवा होत जातो. धुतल्यानंतर चौथ्या दिवशीचे पाणी तपासले, तेव्हा ते कैरीच्या सालीसारखे हिरवेगार झाले. त्याच वेळी टाकीतले मासे वरच्या कोपऱ्यात तोंड काढून हवा गिळत होते आणि मी मात्र काच किती लख्ख निघाली आहे याचे कौतुक करीत होते.

आपल्या प्रश्नात धुण्याइतकाच महत्त्वाचा दुसरा भाग आहे, तो नऊ या आकड्याचा. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत काठोकाठ ५६ लिटर पाणी मावते. खडी आणि वरची मोकळी जागा वजा केली तर हाती राहते ते सुमारे ४५ लिटर. गोल्डफिशला खरे जठर नसते, त्यामुळे तो दिवसभर खात राहतो आणि त्याच मानाने घाणही करतो. दुकानात दोन इंची दिसणारा हा मासा नीट जगला तर सहा-सात इंचांचा होतो. वास्तूबद्दल मला काही म्हणायचे नाही, परंतु ४५ लिटर पाणी नऊ गोल्डफिशना पुरत नाही, आणि ते पुरते असे सांगणारा दुकानदार आपल्याला पुढच्या महिन्याचे मासेही विकत असतो. या टाकीत दोनच ठेवावेत, तेही मोठे होतील तेव्हा मोठ्या टाकीची तयारी ठेवून. बाकीचे मोठी टाकी किंवा बंदिस्त हौद असलेल्या ओळखीच्या माणसाला द्यावेत. नदीत किंवा तळ्यात सोडू नयेत. छोटीच टाकी ठेवायची असेल, तर पुढे गप्पी पाळावेत. ‘गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा’ ही भिंतीवरची ओळ आपण वाचली असेलच. तोच हा काटक मासा.

आता काय करावे ते सांगते. पुढच्या रविवारी टाकी रिकामी करू नये. मासे आत असतानाच, नळीने खडीच्या तळाशी साचलेला गाळ ओढत चौथाई पाणी काढावे. ४५ लिटरची चौथाई म्हणजे एक बादलीही पुरती भरत नाही. खडीचा एका वेळी एक भागच साफ करावा, दुसरा भाग पुढच्या आठवड्यात. काचेवरचे शेवाळ फक्त समोरच्या बाजूचे पुसावे. फिल्टरचा स्पंज नळाखाली कधीच धरू नये. टाकीतून काढलेल्या त्याच बादलीतल्या पाण्यात दोन-तीनदा पिळावा. पाणी काळ्या चहासारखे होईल, स्पंज मात्र तपकिरीच राहील, आणि तो तसाच राहायला हवा. साबण तर टाकीच्या आसपासही नको. एरवी दर आठवड्याला एवढे पुरते, परंतु आपली जिवाणूंची वस्ती नव्याने जमत असल्यामुळे पहिला दीड महिना एक दिवसाआड चौथाई पाणी बदलावे आणि खाणे निम्मे करावे. कोणाकडे जुनी, निरोगी टाकी असेल तर तिच्यातला वापरलेला स्पंज मागून आपल्या फिल्टरशेजारी ठेवावा; त्याने हा काळ बराच कमी होतो.

नवे पाणी घालताना नळाच्या क्लोरीनकडे लक्ष असावे, कारण जंतू मारणारा क्लोरीन आपले उपयोगी जिवाणूही मारतो आणि माशांचे कल्लेही पोळतो. पाणी उघड्या बादलीत २४ तास ठेवले तर साधा क्लोरीन उडून जातो. घाई असेल तर दुकानात मिळणारे अँटिक्लोरीनचे थेंब वापरावेत. सोसायटीत बोअरचे किंवा टँकरचे पाणी येत असेल तर वेगळी काळजी घ्यावी लागते. असे पाणी बहुतेक वेळा जड (क्षारांचे) आणि अल्कधर्मी असते, आणि अमोनियाचा विषारी अंश पाण्याच्या सामूवर (पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे याचे माप) अवलंबून असतो. सामू ७ वरून ८ वर गेला की तो अंश जवळजवळ दहापट होतो. तेवढ्याच अमोनियात शेजारच्या इमारतीतले मासे जगतात आणि आपले मरतात, त्याचे कारण पुष्कळदा हेच असते.

फिल्टर रात्री बंद करीत असाल तर ते थांबवावे. जिवाणूंनाही प्राणवायू लागतो आणि काही तास पाणी फिरले नाही की स्पंजमधली वस्ती मरू लागते. ५ वॅटचा पंप महिनाभर अखंड चालला तरी चार युनिटसुद्धा वीज लागत नाही. उन्हाळ्यात तर पाणी फिरते ठेवायलाच हवे, कारण २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशांना तो साडेसातवर येतो.

खाणे दिवसातून एकदा किंवा दोनदा, मिनिट-दोन मिनिटांत संपेल एवढेच द्यावे. आम्ही एका गणपतीत पाच दिवस कोकणात गेलो आणि शेजाऱ्यांच्या मुलाला डबा देऊन गेलो. त्याने मायेपोटी तो अर्धा संपवला आणि परत आल्यावर टाकीचा वास जिन्यातच आला. चांगला पोसलेला मोठा मासा पाच दिवस उपाशी सहज राहतो. तेव्हापासून गावाला जाताना मी डबा कपाटात ठेवते.

‘टाकी साफ ठेवतो’ म्हणून सकर मासा गळ्यात मारला जातो, तो घेऊ नये. हा दक्षिण अमेरिकेतला मासा फूट-दीड फूट वाढतो, गोल्डफिशची विष्ठा खात नाही आणि स्वतःची भरपूर घाण करतो. लोकांनी कंटाळून सोडून दिलेले सकर भारतातल्या अनेक जलाशयांत पसरून मच्छीमारांची जाळी फाडत आहेत. प्रत्येक नव्या माशाबरोबर मिळणारे निळे औषधही टाकीत ओतू नये. ते जिवाणूंना मारक ठरते. आजारी मासा वेगळ्या बादलीत ठेवून तिथेच औषध द्यावे.

साचणारे नायट्रेट कमी करायची एक सोपी सोय म्हणजे मनी प्लँटची फांदी टाकीच्या काठावरून अशी सोडायची की मुळे पाण्यात आणि पाने बाहेर राहतील. टाकीतून काढलेले पाणीही मोरीत ओतू नये. आमच्या गॅलरीतला मोगरा गेली कित्येक वर्षे त्याच पाण्यावर आहे. मात्र ज्या बादलीत औषध किंवा मीठ घातले असेल, तिचे पाणी कुंड्यांना घालू नये.