इंग्रजी बोलण्याचा तास कसा घ्यायचा, हे शिक्षकांना दोन दिवसांच्या प्रशिक्षणात कसं शिकवावं?

तालुक्यातल्या जिल्हा परिषद शिक्षकांचं इंग्रजी संभाषणाचं दोन दिवसांचं प्रशिक्षण तुमच्याकडे आलंय, सुलभक म्हणून ही पहिलीच वेळ आहे आणि सुरुवात कुठून करावी असं तुम्ही विचारलंय. मी बरीच वर्षं हे काम करतोय. माझं मत विचाराल तर पीपीटी बाजूला ठेवा आणि थेट पाठ टाचणाला, म्हणजे तासाच्या लेखी आराखड्याला, हात घाला.

आपल्या टाचणात शिक्षक काय करणार हे सविस्तर असतं. मूल काय बोलणार, कोणाशी आणि कशासाठी, याला मात्र जागाच नसते. मग संभाषणाच्या नावाखाली वर्गात सामूहिक वाचन होतं. आधी फळ्यावर हिशोब मांडायला लावा. ४० मुलं आणि ४० मिनिटांचा तास. एकेकाला उभं केलं तर कोणाच्याच वाट्याला पूर्ण मिनिट येत नाही, कारण मधला वेळ शिक्षक बोलतात. दहाच मिनिटं जोड्यांत बोलू दिलं तर प्रत्येकाला पाच मिनिटं मिळू शकतात.

पण नुसतं ‘जोडीत बोला’ म्हटलं की मुलं गप्प बसतात, नाहीतर मराठीत गप्पा सुरू. बोलायची गरज पडली पाहिजे. इंग्रजी अध्यापनाचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या शाळांत इंग्रजी शिकवण्याचा बंगळूर प्रकल्प चालवला, तो याच विचारावर: एकाकडे असलेली माहिती दुसऱ्याला हवी असते, किंवा हाती असलेल्या माहितीवरून तर्क करून उत्तर काढायचं असतं. (त्यांचा भर जोडीकामापेक्षा सगळ्या वर्गाने मिळून कोडं सोडवण्यावर होता. वर्ग अगदी नवखा असेल तर तेही करून पाहा.)

मी आठवडी बाजाराच्या चिठ्ठ्या वापरतो. एकाच्या चिठ्ठीवर कांदा-बटाट्याचे भाव, टोमॅटो-वांग्याची जागा कोरी. दुसऱ्याच्या चिठ्ठीवर उलट. चिठ्ठी दाखवायची नाही, विचारूनच भरायची. शेवटी चारही भाज्या एकेक किलो घेतल्या तर किती होतात, याची दोघांनी बेरीज करायची. बेरीज जुळली म्हणजे बोलणं पोचलं.

हा खेळ शिक्षकांकडून आधी त्यांना न येणाऱ्या भाषेत करून घ्या. आमच्या शिक्षकांना कन्नड येत नाही, म्हणून आम्ही ती घेतो. फळ्यावर ‘ईरुळ्ळी एष्टु?’, म्हणजे कांदा केवढ्याला, आणि हत्तु, इप्पत्तु, मूवत्तु, नलवत्तु एवढे आकडे. बाकीच्या भाज्या चित्रावर बोट ठेवून विचारायच्या. पाच मिनिटांत त्यांना कळतं की फळ्यावरच्या दोन ओळींचा केवढा आधार असतो, आणि मध्येच कोणी उच्चार सुधारला तर तोंड कसं मिटतं.

चुकांचा प्रश्न हमखास येतो. मुलं बोलत असताना थांबवायचं नाही. वर्गात फिरत वहीत टिपायचं आणि शेवटी तीन-चार वाक्यं कोणाचंही नाव न घेता फळ्यावर सुधारायची. प्रश्न विचारल्यावर मनात तीन अंक मोजायला सांगा. अमेरिकी शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांच्या अभ्यासात शिक्षक उत्तरासाठी सरासरी सेकंदभरच थांबत होते. ते तीन सेकंद थांबू लागले तेव्हा मुलांची उत्तरं लांबली.

दुसरा दिवस पूर्णपणे सराव पाठांना द्या. प्रत्येकाने दहा मिनिटं शिकवायचं, सहकारी विद्यार्थी होणार आणि एकजण घड्याळ लावून शिक्षक किती वेळ बोलले ते मोजणार. अभिप्राय आधी शिकवणाऱ्याने स्वतः द्यावा. अनेक शिक्षकांना स्वतःच्या इंग्रजीची धास्ती असते, म्हणून त्यांचं व्याकरण चारचौघांत अजिबात काढू नका. सूचना मराठीत दिल्या तरी चालतील, हे आधीच सांगून टाका. चेहरे लगेच मोकळे होतात.

निघताना प्रत्येकाच्या हातात सोमवारी घेता येईल असं एक टाचण आणि कापलेल्या चिठ्ठ्या असू द्या. आणि केंद्रप्रमुखांशी बोलून पुढच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, अर्धा तास मागून घ्या. तिथे फोटो नकोत, मुलं खरोखर बोललेली पाच वाक्यं चुकांसकट लिहून आणायला सांगा. पुढचं प्रशिक्षण त्यावरच आखता येईल.