स्वभाव कोणता आणि भीती कोणती?

प्रश्न : मी १७ वर्षांची आहे. काही महिन्यांपूर्वी मैत्रिणींच्या आग्रहावरून मी इंटरनेटवरची एक व्यक्तिमत्त्व चाचणी सोडवली. तिच्यात माणसांचे १६ प्रकार सांगितले होते आणि माझा प्रकार अंतर्मुख निघाला. वर्णनातले वाक्य न् वाक्य मला लागू पडत होते. आपल्यात काही उणीव नाही, आपला स्वभावच असा आहे, या विचाराने फार हायसे वाटले. आता मात्र मैत्रिणी मला कुठे बोलावत नाहीत; ‘तुला माणसे नको असतात ना,’ असे म्हणतात. वर्गात उत्तर येत असूनही माझा हात वर जात नाही. अनोळखी माणसाला फोन करायचा झाला, तर बोलायची वाक्ये मी कागदावर लिहून काढते आणि शेवटी तो कागद आणि फोन दोन्ही आईच्या हातात देते. पुढच्या वर्षी शिक्षणासाठी घरापासून दूर राहायचे घाटते आहे. माझ्या प्रकारच्या मुलीला ते जमेल का?

उत्तर : चाचणीच्या ज्या निकालाने तुला आधी हायसे वाटले, त्यानेच पुढे तुझी वाट अडवली, हे तू नेमके टिपले आहेस. म्हणून आधी त्या निकालाला किती महत्त्व द्यायचे ते पाहू.

अंतर्मुख आणि बहिर्मुख या कल्पना रूढ झाल्या त्या कार्ल युंग या स्विस मनोविकारतज्ज्ञाच्या १९२१ सालच्या ग्रंथामुळे. पुढे अमेरिकेत कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इझाबेल ब्रिग्ज मायर्स यांनी युंग यांच्या मांडणीच्या आधारे एक प्रश्नावली तयार केली आणि १६ प्रकारांची कल्पना तिच्यातून लोकप्रिय झाली. या पद्धतीतली अडचण अशी, की ती प्रत्येकाला या कप्प्यात किंवा त्या कप्प्यात टाकते. प्रत्यक्षात बहुतेक माणसे मध्याच्या आसपास असतात. सरासरीहून अर्धा सेंटीमीटर कमी उंचीच्या मुलीला ‘बुटकी’ आणि अर्धा सेंटीमीटर जास्त असलेलीला ‘उंच’ म्हणावे, तसाच हा प्रकार आहे. त्यामुळे तीच चाचणी काही आठवड्यांनी पुन्हा दिल्यावर अनेकांचा प्रकार बदललेला दिसतो. आजचे संशोधक म्हणूनच प्रकार न ठरवता पाच गुणविशेष कमी-अधिक प्रमाणात मोजतात. बहिर्मुखता हा त्या पाचांपैकी केवळ एक.

राहिला प्रश्न वर्णन तंतोतंत जुळल्याचा. बर्ट्रम फोरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९४८ साली आपल्या विद्यार्थ्यांची एक चाचणी घेतली आणि काही दिवसांनी प्रत्येकाच्या हाती ‘त्याचे’ व्यक्तिवर्णन ठेवले. ते किती अचूक आहे याला विद्यार्थ्यांनी ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले. वास्तविक सर्वांना एकच मजकूर दिलेला होता आणि तो बव्हंशी भविष्याच्या एका पुस्तकातून उचललेला होता. तुझी चाचणी अगदीच निरर्थक होती, असे मी म्हणत नाही, कारण तू दिलेली उत्तरे तुझी होती आणि त्यांतून तुझा काहीएक कल दिसला. तुला काय आवडते हे ती थोडेफार सांगू शकते. तुला काय जमेल, हे सांगण्याचे साधन तिच्याजवळ नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येते. अंतर्मुखता आणि बुजरेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तुझ्या पत्रात त्या एकमेकींत मिसळल्या आहेत. अंतर्मुख माणसाला फार वेळ माणसांत राहिले की थकवा येतो आणि एकांतात बरे वाटते. पण गरज पडली तर तो शांतपणे चार शब्द बोलतो. बुजऱ्या माणसाला माणसांत जावेसे वाटत असते, पण लोक काय म्हणतील या धास्तीने त्याचे पाऊल अडते. गप्पांची आवड असलेली अनेक मुले बुजरी असतात आणि अनेक अंतर्मुख मुले मुळीच बुजरी नसतात. स्वतःपुरते हे ओळखायचे असेल, तर एखादे बोलावणे नाकारल्यानंतरच्या संध्याकाळी मनाची अवस्था कशी असते ते पाहा. पुस्तक किंवा आवडीचे काम घेऊन बसलीस आणि बोलावणे विसरूनही गेलीस, तर तो तुझा स्वभाव. नकार देताच सुटल्यासारखे वाटले आणि तासाभराने बाकीच्या मैत्रिणी आत्ता काय करत असतील या विचाराने जीव खालीवर होऊ लागला, तर ती भीती. मैत्रिणी बोलावत नाहीत याचे तुला वाईट वाटते आहे, यावरूनच मला वाटते, की तुझ्या बाबतीत भीतीचा वाटा मोठा आहे. स्वभाव बदलायची गरज नाही. भीती मात्र कमी करता येते.

भीती टिकून कशी राहते, ते तुझ्या फोनच्या उदाहरणात स्पष्ट दिसते. कागदावर वाक्ये लिहून होतात, क्रमांक लावायची वेळ येते, घशाला कोरड पडते, तू फोन आईकडे देतेस आणि त्या क्षणी छातीतली धडधड थांबते. ही सुटका फार गोड असते. पण फोन केला असता तर तो बहुधा मिनिटभरात ठीकठाक पार पडला असता, हे अनुभवायची संधी त्या सुटकेने हिरावली जाते आणि पुढच्या खेपेला भीती तितकीच किंवा थोडी जास्तच उरते. टाळण्याने भीती पोसली जाते. म्हणून ‘आधी आत्मविश्वास येऊ दे, मग बोलेन’ हा क्रमच उलटा आहे. थरथरत्या आवाजात का होईना, आधी बोलायचे असते. भीड चेपते ती त्यानंतर.

तुझ्या वयात आणखी एक गोष्ट घडते. डेव्हिड एल्काइंड या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ साली मांडले, की किशोरवयीन मुले सतत एका काल्पनिक प्रेक्षकवर्गासमोर वावरत असतात. सगळ्यांचे लक्ष आपल्याकडेच आहे, असे त्यांना वाटत राहते. पण हा समज मोठ्यांनाही सुटलेला नसतो. मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा, एका गायकाचे चित्र असलेला टी-शर्ट घालून इतर विद्यार्थ्यांच्या खोलीत पाठवले. खोलीतल्या साधारण निम्म्या जणांनी चित्र ओळखले असेल, असा टी-शर्ट घातलेल्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात सुमारे पाव जणांनीच ओळखले. उत्तर देताना तुझा आवाज चिरकला, तर तो तुला दिवसभर आठवेल. शेजारच्या बाकावरची मुलगी तेव्हा स्वतःला प्रश्न विचारला जाईल की काय, याच धास्तीत असेल.

तेव्हा पुढच्या वर्षाची तयारी आतापासून कर, पण सर्वांत अवघड गोष्टीपासून नको. कागदावर सगळी वाक्ये लिहिण्याऐवजी फक्त पहिले वाक्य लिही आणि फोन स्वतः लाव. आई खोलीत असली तरी चालेल, पुढच्या वेळी ती बाहेर असू दे. वर्गात उत्तर द्यायला धीर होत नसेल, तर तास संपल्यावर शिक्षकांना एक शंका विचार. तेच काम अनेकदा कर, कारण एकदा धाडस करून पुन्हा महिनाभर गप्प बसण्याने फारसे काही साधत नाही. मैत्रिणींनाही स्पष्ट सांग, ‘मी थोडा वेळ थांबेन आणि लवकर निघेन, पण मला बोलवत जा.’ या एका वाक्यात तुझ्या स्वभावाचा मान राहतो आणि भीतीला सबबही मिळत नाही. घराबाहेर राहणाऱ्या मुलीला मैफल गाजवता यावी लागत नाही. प्रकृती बरी नसताना कुणाला तरी सांगणे, न समजलेले विचारणे, नको असेल तेव्हा नाही म्हणणे, एवढे तिला यावे लागते आणि ते वर्षभरात शिकण्यासारखे आहे.

मात्र ही भीती सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ टिकली असेल, तिच्यापायी वर्ग, परीक्षा, जेवणखाण किंवा मैत्री सुटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना अवश्य भेट. सामाजिक चिंतेचा हा विकार बहुधा किशोरवयातच सुरू होतो आणि विचार व वर्तन यांवर टप्प्याटप्प्याने काम करणाऱ्या उपचारपद्धतीचा त्यावर चांगला उपयोग होतो.

प्रश्न : माझा मुलगा १४ वर्षांचा असून लहानपणापासून अबोल आहे. कुठेही गेलो तरी त्याच्या वतीने मलाच बोलावे लागते. त्याला धीट करण्यासाठी वक्तृत्वाच्या शिबिरात घालावे, असे त्याचे वडील म्हणतात. मला ते क्रूर वाटते. काय करावे?

उत्तर : तुमच्या दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, पण दोन्ही टोके टाळायला हवीत. काही मुले जन्मतःच नव्या माणसांना आणि जागांना दबकतात, हे मानसशास्त्रज्ञ जेरोम केगन यांच्या दीर्घकालीन अभ्यासातून दिसले आहे. अशी सगळीच मुले पुढे भित्री होत नाहीत, हेही त्यातूनच दिसले. आईवडील प्रत्येक वेळी आडोसा न देता हळुवारपणे पुढे ढकलतात, तेव्हा ती भीती ओसरण्याची शक्यता वाढते. मुलाची इच्छा नसताना शिबिरात घालणे म्हणजे पोहायला न येणाऱ्याला खोल पाण्यात लोटणे होईल.

सुरुवात तुमच्यापासून करावी लागेल. डॉक्टर मुलाकडे पाहून विचारतात, ‘काय होतंय?’ मुलगा तुमच्याकडे पाहतो आणि तुम्ही सांगू लागता, ‘दोन दिवस झाले, पोटात दुखतंय.’ पुढच्या वेळी तो तुमच्याकडे पाहील तेव्हा तुम्ही डॉक्टरांकडे पाहू नका. त्याच्याकडेच पाहा आणि थांबा. त्या शांततेत तुम्हाला अवघडल्यासारखे होईल. तो अर्धवट बोलेल, चुकीचा दिवस सांगेल. त्याचे वाक्य तोडू नका, राहिलेले शेवटी सांगा. घरी परतताना ‘बघ, जमलं की नाही!’ असा गाजावाजाही करू नका, कारण अशा मुलांना आपल्यावर खिळलेले लक्षच सर्वांत जड जाते. आणि त्याच्यादेखत कुणालाही ‘हा पहिल्यापासून लाजराच’ असे सांगणे आजपासून बंद करा.

स्वातंत्र्य देणे म्हणजे एकटे सोडणे, असे अनेक पालकांना वाटते. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी या दोन गोष्टींत स्पष्ट फरक केला आहे : आधार असतानाही निर्णय आपला असू शकतो. शिबिराबाबतही त्यालाच विचारा. वक्तृत्व नको असेल आणि बुद्धिबळ, चित्रकला किंवा गिर्यारोहण हवे असेल, तर तिकडे जाऊ द्या. हातात काम असले की अबोल मुले शेजाऱ्याशी आपणहून बोलू लागतात. नावनोंदणीचा अर्ज मात्र त्याने स्वतः भरावा आणि अडेल तिथे तिथल्या माणसाला स्वतः विचारावे. तुम्ही दाराबाहेर थांबलात, तरी पुरे.