रोमचे भग्नावशेष आणि कोल्हापूरची ओल

प्रश्न (मंगळवार पेठ): घरातल्या जुन्या ट्रंकेत रोममधल्या पडक्या कमानींचं मोठं काळं-पांढरं चित्र मिळालं. खाली पिरानेसी या अठराव्या शतकातल्या इटालियन छापचित्रकाराचं नाव आहे. अस्सल आहे का, हे कसं ओळखायचं? फ्रेमवाला म्हणतो, प्लायवर चिकटवून लॅमिनेट करू, म्हणजे सुरकुत्या जातील.

उत्तर: आधी प्लायला आणि लॅमिनेशनला नकार द्या. असा चिकटवलेला कागद धड सुटून येत नाही.

मग दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, घड्याळजीकडचं चालेल. करड्या छटांत रांगेनं बसलेले ठिपके दिसले तर ती ऑफसेटची, म्हणजे आधुनिक यंत्रछपाईची प्रत. रेघा अखंड असतील आणि तिरक्या उजेडात गडद जागची शाई किंचित उठलेली दिसली, तर चित्र तांब्याच्या पत्र्यावरून छापलेलं असण्याची शक्यता मोठी. पिरानेसीचं काम मुख्यतः एचिंगचं: पत्र्यावर मेणासारखा लेप, त्यावर सुईनं रेघ, मग आम्ल. त्यामुळे रेघेचं टोक बोथट राहतं. छिन्नीनं कोरलेली रेघ टोकाला निमुळती होते.

चित्राभोवती पत्र्याच्या कडेची दबलेली चौकटही शोधा, पण तेवढ्यावर विसंबू नका. प्रतींवर ती मुद्दाम दाबतात आणि अस्सल चित्राची कधी कापून टाकलेली असते. माप जास्त बोलकं. त्याच्या रोमदृश्यांच्या मालिकेतले पत्रे साधारण ४० × ५५ सेंमी किंवा त्याहून मोठे आहेत. वहीच्या पानाएवढं चित्र असेल तर ते या मालिकेतलं नव्हे, नंतर लहान केलेली प्रत असू शकते.

एक गोम राहतेच. पिरानेसी १७७८ मध्ये वारला, पण पत्र्यांवरून छपाई थांबली नाही. मुलांनी ते पॅरिसला नेले, पुढे पत्रे रोमला परतले आणि तिथंही छपाई झाली. म्हणून आभाळ बघा. ढगांच्या बारीक रेघा सर्वांत आधी झिजतात. त्या फिक्या, तुटक असतील आणि सावल्या सपाट पडल्या असतील, तर छाप उशिराचा.

प्रश्न (उत्तरेश्वर पेठ): दगड-मातीच्या वाड्यात दोन वर्षांपूर्वी लावलेल्या एन्ग्रेव्हिंगवर (कोरलेल्या पत्र्यावरून छापलेल्या चित्रावर) यंदा तपकिरी ठिपके आले, कागदाला लाटा आल्या आणि एक कोपरा काचेला चिकटला. काय चुकलं?

उत्तर: तीन चुका दिसतात. काच कागदाला टेकली होती, कागद चारही बाजूंनी चिकटवला होता, आणि फ्रेम ओल्या भिंतीला सपाट लागली होती. पावसाळ्यात कागद फुगतो. चारही कडा धरलेल्या असल्या की त्याला पसरायला जागा उरत नाही, म्हणून लाटा.

काचेला चिकटलेला कोपरा ओढू नका. कागदाचं काम करणाऱ्या संवर्धकाकडे काचेसकट न्या. ठिपक्यांवर लिंबू किंवा ब्लीच नको. ब्लीचनं डाग फिके होतात आणि कागदही ठिसूळ होतो.

नवी फ्रेम जुलैत करू नका. त्या दिवसांत बोर्ड आणि कागद दोन्ही दमट असतात, मागून टेप लावली की ओल आत कोंडते. डिसेंबर ते मार्च हा काळ बरा.

माउंटबोर्ड, म्हणजे चित्राभोवती लावायचा खिडकी कापलेला पुठ्ठा, शंभर टक्के सुती आणि आम्लमुक्त घ्या, सुमारे दीड मिलिमीटर जाड. ४० × ५५ च्या आडव्या पत्र्याला खिडकी ४१ × ५६ कापा, म्हणजे दबलेली चौकट दिसते. वर आणि बाजूंना ७, खाली साडेआठ सेंमी माउंट ठेवला की बाहेरचं माप साडेछप्पन्न × ७० येतं. एवढ्या मोठ्या कागदासाठी माउंट दुहेरी लावा, म्हणजे काच तीन मिलिमीटर लांब राहते. कागद फक्त वरच्या कडेला, जपानी कागदाच्या दोन बिजागऱ्यांनी टांगा. त्यांना शिजवून गाळलेली गव्हाच्या स्टार्चची खळ लावा. फेविकॉल किंवा सेलोटेप नको. टेपचा गोंद पिवळा पडून कागदात मुरतो. पाठीला एमडीएफ आणि हार्डबोर्ड बहुतेक फ्रेमवाले सवयीनं लावतात, पण त्यांतून आम्ल सुटतं. आम्लमुक्त बोर्ड आणि त्यामागे पॉलिप्रॉपिलीनची नालीदार शीट लावायला सांगा.

फ्रेमच्या मागे चार कोपऱ्यांना बुचाचे सेंटीमीटरभर जाड तुकडे लावा, म्हणजे मागून हवा खेळते. आपल्याकडचा पाऊस पश्चिमेकडून झोडपतो, तेव्हा त्या बाजूची बाहेरची भिंत टाळा. पोपडे सुटलेली किंवा पुराचं पाणी चढलेली भिंतही नकोच. घरात आर्द्रतामापक ठेवा. काटा ६५ टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिला की बुरशी धरते.

वजनाचाही हिशेब करा. दोन मिलिमीटरची काच चौरस मीटरला ५ किलो भरते, म्हणजे या मापाला २ किलो, शिवाय फ्रेमची पट्टी. मातीच्या सांध्यात ठोकलेला खिळा एवढं पेलून टिकत नाही. दगडातच ड्रिल करून प्लग बसवा आणि टांगायला दोन जागा ठेवा.

प्रश्न (राजारामपुरी): अस्सल परवडत नाही. दिवाणखान्यासाठी मोगलांची दिल्ली आणि टिपूचं श्रीरंगपट्टण अशा प्रती कुठून मिळतील?

उत्तर: थॉमस आणि विल्यम डॅनियल या इंग्रज चित्रकारांची १४४ ॲक्वाटिंट, म्हणजे पत्र्यावर आम्लानं छटा उठवून छापलेली चित्रं (१७९५ ते १८०८), दिल्ली-आग्र्यासाठी उत्तम. श्रीरंगपट्टणवरच्या इंग्रजांच्या १७९९ च्या हल्ल्याची चित्रं मुख्यतः लंडनमधल्या गिऱ्हाइकांसाठी निघाली. त्यांत विजेत्याचीच बाजू दिसते, हे ध्यानात ठेवून निवडा. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियम आणि ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियमच्या संग्रहांतली, स्वामित्वहक्क संपलेली बरीच छापचित्रं मोठ्या आकारात मोफत उतरवून घेता येतात. तिथं आधी शोधा. ३० × ४५ सेंमीच्या छपाईला निदान ३६०० × ५४०० पिक्सेल हवेत. मॅट सुती कागदावर पिगमेंट शाईनं छापून घ्या. चकचकीत फोटोपेपरवर रेघ मरते. आणि पाठीमागे पेन्सिलनं 'प्रतिकृती' लिहून वर्ष घाला, नाहीतर नातवंडं आम्हालाच पहिल्या प्रश्नाचं पत्र पाठवतील.