इंदूरला राहतो, ओपन वॉटर कोर्स (स्कूबाचा पहिला कोर्स) झालाय. कमी पैशांत स्कूबाचं पहिलं सामान काय घ्यावं?

आधी फक्त मास्क घ्या. आपण पडलो इंदूरचे. वर्षातून एकदा तारकर्ली, फार तर अंदमान. तेवढ्यासाठी रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडाला देणारं यंत्र) आणि बीसीडी (पाण्यात वर-खाली होणं सांभाळणारं हवेचं जॅकेट) माळ्यावर ठेवण्यात अर्थ नाही, ती तिथे भाड्याने मिळतात. शिवाय रेग्युलेटरला साधारण वर्षाला सर्व्हिसिंग लागतं, ते काय राजवाड्याच्या घड्याळवाल्याकडून करून घेणार?

मास्क मात्र स्वतःचाच हवा. पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हलकेच श्वास ओढा, हात सोडा. चिकटून राहिला तर तो तुमचा. काच टेम्पर्ड, कडा सिलिकॉनची बघा. भरघोस मिशा असतील तर थोडं पाणी शिरणारच. पोहण्याचा गॉगल चालत नाही, कारण नाक बाहेर राहतं आणि खाली आतला दाब बरोबर करता येत नाही. नव्या मास्कची काच आतून साध्या टूथपेस्टने घासून धुवा, नाहीतर सारखं धुकं धरतं. चष्मा असेल तर नंबरच्या काचा बसवता येतात.

पुढच्या वर्षी पैसे जमले तर साधा डाइव्ह कॉम्प्युटर, म्हणजे पाण्यात खोली आणि वेळ दाखवणारं मनगटावरचं यंत्र. मी हौसेने आधी लांब फिन्स (पोहताना पायात घालायचे पंखे) घेतले. ते बॅगेतच मावेनात.